पत्त्यांच्या जादूतला भडका ऐन वेळी फुस्स का होतो?

परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात मी बरीच वर्षं शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीचे मंडप आणि वाढदिवस करत आलोय. पत्त्यांच्या खेळात आगीचे दोनच आयटम करतो. एकात चिमटीतला फ्लॅश पेपर, म्हणजे क्षणात जळून जाणारा जादूचा कागद, भडकन जळतो आणि बोटांत बदामाची राणी उभी राहते. दुसऱ्यात आत वात, इंधन आणि लायटर असलेलं पाकीट उघडलं की आतून ज्वाळ निघते, पाकीट मिटून परत उघडलं की प्रेक्षकाने सही केलेला पत्ता निघतो. हातचलाखी इथे उघडी करणार नाही, तो पोटाचा प्रश्न आहे. पण हे दोन आयटम बिघडतात ते हातचलाखीमुळे क्वचितच. माझे स्वतःचे आणि आसपासच्या हौशी पोरांचे मिळून तेच ते बिघाड इतक्यांदा काढलेत की आता फोन आला की मी पहिला प्रश्न ठरलेलाच विचारतो.

आधी लक्षण ओळखा

सरसकट "पेटत नाही" म्हणून भागत नाही. नेमकं काय होतं ते बघा.

– ठिणगी पडते, पण काहीच पेट घेत नाही.
– कागद पेटतो, पण हळूहळू, पिवळ्या ज्योतीने, आणि मागे काळा कोळसा राहतो. चांगला कागद डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलेला असतो, मागे जवळजवळ काही उरत नाही.
– घरी सराव करताना छान पेटतं, मंचावर पेटत नाही. (सगळ्यात जास्त फोन याचेच.)
– भडका होतो, पण निघालेल्या पत्त्याची कड काळी पडलेली असते किंवा पत्ता वाकतो.
– ज्वाळ अंगाकडे, बाहीकडे वळते.
– पाकीट मिटलं तरी आत आग राहते. हे लक्षण दिसलं तर मधल्या तपासण्या सोडा आणि थेट सातव्या तपासणीकडे जा.

जिंतूरच्या एका मुलाची तक्रार वेगळीच होती. त्याला राख हातावर चोळून पत्त्याचं नाव उमटवायचं होतं, पण राखच मिळेना. तीन वेळा केलं, तीनदा हात रिकामा. बहाद्दराने फ्लॅश पेपर जाळला होता! त्या आयटमला वहीचा साधा कागद लागतो, तोही काळा असतानाच विझवायचा, पांढरा होऊ द्यायचा नाही.

पहिली तपासणी: हवा

खर्च एका उदबत्तीचा. जिथे उभं राहून आयटम करणार तिथेच, छातीच्या उंचीवर उदबत्ती धरा. मंडपातले पंखे, कूलर, जनरेटर सगळं कार्यक्रमाच्या वेळी चालू असेल तसं चालू ठेवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर बाकी काही तपासू नका, आधी जागा बदला.

घरी पेटतं आणि मंचावर पेटत नाही याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं. सरावाला आपण खोलीचं दार लावून बसतो, मंचावर मात्र यजमान मोठ्या प्रेमाने पंखा आपल्याच तोंडावर लावतो. वाऱ्याने पाकिटातल्या इंधनाची वाफ उडून जाते, ठिणगीला पेटवायला काही सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे पेटलंच तर ज्वाळ वारा नेईल तिकडे झुकते. बाहीकडे, झालरीकडे, पुढच्या रांगेतल्या पोरीच्या ओढणीकडे. कूलर दुहेरी त्रास देतो, वाराही फेकतो आणि ओलही. माळेगावच्या यात्रेत एकदा भर थंडीत उघड्यावर मी हा आयटम लावला होता. रात्रीचा वारा असा सुटला की उदबत्तीचा धूर दिसेनासाच झाला. त्या दिवशी आग पेटीतच ठेवली आणि दोरीचे खेळ केले. कुणाला काही कळलं नाही.

दुसरी: हात आणि कपडे

हात रुमालाने कोरडे पुसा. घामेजल्या चिमटीत मिनिटभर धरलेला फ्लॅश पेपर नेमका चिमटीपाशीच ओलावतो, आणि नेमका तिथेच अर्धवट जळून बोटाला चिकटतो. मे महिन्यात मी कागद शेवटच्या क्षणी हातात घेतो.

आता यापेक्षा महत्त्वाचं. हाताला सॅनिटायझर लावलंय का? अंगावर बॉडी स्प्रे मारलाय का? दोन्हीत अल्कोहोल असतं, आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. हात पेटलाय हे डोळ्यांआधी कातडीला कळतं. हात साबणाने धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या.

कपड्यांचं म्हणाल तर जादूगाराचा चमचमता कोट बहुतेक सॅटिनचा म्हणजे पॉलिस्टरचा असतो. तो आगीने वितळतो आणि कातडीला चिकटतो. आगीच्या आयटमला सुती शर्ट घाला, बाह्या कोपरापर्यंत दुमडा. चमक कमी झाली तर होऊ द्या.

तिसरी: ठिणगी

पाकिटातला किंवा बोटावरचा लायटर अंधारात नुसता फिरवून बघा. ठिणग्यांचा झुपका पडायला हवा. एखाददुसरी पडत असेल तर खडा झिजलाय किंवा चाकात मळ अडकलाय. जुना टूथब्रश घेऊन चाक कोरडंच घासा, खडा बदला. चहाच्या पैशात काम होतं. आपण त्याला गारगोटी म्हणतो, पण ती गारगोटी नव्हेच. सिरियम आणि लोखंडाचा तो मिश्रधातू आहे, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. मऊ असतो, म्हणून घासला की कण उडून पेटतात, आणि म्हणूनच झिजतोही लवकर. हे तपासताना पाकिटात इंधन नको आणि जवळ फ्लॅश पेपर नको, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण एकाने ते केलंय.

चौथी: कागद

बिघाडाचं खरं घर हेच.

फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८४६ साली शोनबाइन नावाच्या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ पुढे आणला. सांडलेलं रसायन त्याने बायकोच्या सुती अॅप्रनने पुसलं, अॅप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भप्पकन नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, मी प्रत्येक नवशिक्याला ती सांगतो, कारण अर्धे लोक नेमकं तेच करतात. ओला कागद शेगडीजवळ वाळवतात.

साधा कागद जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो. या कागदाला तो रेणूतच बांधलेला असतो. त्यामुळे तो एका झटक्यात जळतो. आणि याच कारणाने तो झाकून, दाबून, मुठीत धरून विझत नाही. पाकिटातली आग हवा तोडली की मरते, फ्लॅश पेपरची मरत नाही. त्याला पाणीच लागतं. मूठ आवळली तर गरम वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तळहात भाजतो. कागद नेहमी उघड्या चिमटीत, टोकाला धरा.

विकत मिळतो तो ओला असतो, वाहतुकीत पेटू नये म्हणून. अर्धवट वाळलेला कागद पेटवला की उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कागद रेंगाळत जळतो, काळा पडतो. गणपती बसल्यापासून ते १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमांपर्यंत मला जे फोन येतात ते बहुतेक याचेच. हवेतच ओल असते, सकाळी वाळवलेला कागद संध्याकाळी परत मऊ पडलेला असतो.

तपासायचं असं. नखाएवढा तुकडा फाडा. बाकी सगळा कागद दुसऱ्या खोलीत ठेवा. अंगणात, फरशीवर किंवा मातीत, लांब चिमट्यात धरून पेटवा. क्षणात गेला तर कागद चांगला, दोष दुसरीकडे शोधा. रेंगाळला तर ओल आहे.

वाळवायचा तर जुन्या सुती टॉवेलमध्ये हलके दाबून पाणी काढा आणि आजच्या प्रयोगाला लागेल तेवढेच तुकडे सावलीत सुटे सुटे पसरा. एप्रिलमध्ये माझ्याकडे तास-दीड तासात काम होतं, भाद्रपदात अख्खा दिवस जातो. घाई झाली म्हणून इस्त्री नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको. आणि पत्र्यावर पापड घालतात तसा उन्हात तर अजिबात नको. वैशाखातल्या ज्या पत्र्यावर पाय ठेवता येत नाही, त्यावर हा माल कसा ठेवाल? एवढी घाई असेल तर आज तो आयटम करू नका.

उलट टोकही लक्षात ठेवा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत कडकडीत वाळलेला कागद नको तेव्हा पेटू शकतो. नायलॉनचा शर्ट डोक्यातून काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी ठिणगीही मी त्याच्या आसपास येऊ देत नाही. वाळलेला कागद खिशात चुरगळून ठेवायचा नाही, लायटर किंवा काडेपेटीसोबत तर नाहीच, आणि घट्ट झाकणाच्या बरणीतही नाही. साठा ओलाच राहू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत. महिन्यातून एकदा उघडून पाणी आटलं नाही ना ते बघा.

किती कागद लागतो? पत्त्याचा चौथा हिस्सा पुरतो. पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. भडका कमी वाटला की लोक कागद दुप्पट करतात. ओला कागद दुप्पट केला तर दुप्पट रेंगाळतो, आणि पुढच्या वेळी कोरडा दुप्पट असला की भुवया जातात. कागद गच्च गोळी करून वापरण्याची सवयही सोडा. गोळी वरून पेटते, आत उशिरा पोचते आणि जळती खाली पडते. हलका चुरगळा पुरे.

कागद पिवळा-तपकिरी झालाय, डाग पडलेत, चिकट लागतोय किंवा झोंबरा आम्लाचा वास येतोय, तर तो वाळवूही नका आणि पेटवून बघूही नका. नायट्रोसेल्युलोज जुनं झालं की आपोआप कुजत जातं. सिनेमाच्या फार जुन्या रिळा याच पदार्थाच्या असत, म्हणून त्याही धोकादायक मानतात. पिशवीसकट बादलीभर पाण्यात बुडवा आणि विकणाऱ्याला विचारा. त्याने हात वर केले तर अग्निशमन केंद्रात विचारा. कचऱ्याच्या गाडीत कोरडा टाकायचा नाही.

रेल्वेने कार्यक्रमाला जात असाल तर हा कागद आणि लायटरचं इंधन दोन्ही सोबत नको. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १६४ प्रमाणे धोकादायक माल घेऊन चढल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या नांदेडच्या बाजूच्या गाडीप्रवासात पेटीत फक्त पत्ते असतात.

पाचवी: पाकिटाची वात आणि इंधन

परवा सेलूहून फोन आला. मागे लाउडस्पीकर. "दादा, पाकीट पेटंना गेलंय. पंधरा मिनटांत माझा नंबर हाय. काय करू?"

"पंखा कुठं आहे?"

जरा वेळ गप्प. मग, "डोक्यावरच हाय की."

"बंद करायला सांग. आणि इंधन किती टाकलंस?"

"तीनदा टाकलंव, दादा."

त्याला मी आयटम करू दिला नाही. पंखा बंद झाल्यावर पाकीट नक्की पेटलं असतं, पण तीनदा ओतलेलं इंधन अस्तरात, शिवणीत, त्याच्या बोटांवर उतरलेलं होतं. नुसत्या वातीऐवजी सगळं पाकीट हातात पेटलं असतं. न पेटण्याचं कारण हवा होतं आणि त्याने उपाय इंधनाचा केला. आग वाढवून दोष काढायला गेलं की नेहमी असंच होतं.

लायटरचं इंधन म्हणजे नॅफ्था. भराभर उडून जातं. दुपारी दोनला भरलेलं पाकीट मे महिन्यात रात्री आठला कोरडंठाक असणारच. ते बिघडलेलं नाही, रिकामं आहे. प्रयोगाच्या अर्धा तास आधी, उघड्या जागी, कुणी बिडी ओढत नाही तिथे भरा. वात ओली हवी, ठिबकती नको. पाकीट उलटं करून थेंब पडला तर जास्त झालं, तसंच उघडं ठेवून उडू द्या. एकदा पेटवून विझलेलं पाकीट पूर्ण थंड झाल्याशिवाय परत भरायचं नाही.

नॅफ्था मिळालं नाही म्हणून घरात असेल ते घालायची आपली रीत. पेट्रोल घालू नका, त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते आणि जमिनीलगत लांबवर पसरते. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, त्याची ज्योत दिसत नाही, हे वर आलंच. रॉकेल ठिणगीने सहज पेटत नाही, काजळी धरतं आणि पाकिटाला आठवडाभर वास मारतो, मग सहीचा पत्ता हातात घेणारा प्रेक्षक नाक मुरडतो.

इंधन बरोबर, ठिणगी बरोबर, तरी पेटत नाही? मग वात बघा. वरचा थर कोळशासारखा कडक झाला असेल तर इंधन वर चढत नाही. नखाने खरवडून मऊ भाग वर आणा, नाहीतर वात बदला, पण होती त्याच जातीची घाला. गोधडीतला कापूस किंवा स्पंज कोंबू नका, स्पंज वितळतो.

सहावी: पत्ता काळा पडतो

आधी पत्ता कशाचा आहे ते बघा. बाजारातले बरेच कॅट आता प्लास्टिकचे असतात. धुता येतात म्हणून रमी खेळणाऱ्यांना बरे, आपल्याला नाहीत. ते वितळतात, जळते थेंब पडतात, धूर घशाला झोंबतो. आगीच्या आसपास कागदाचाच कॅट हवा.

कागदाचा असूनही कड करपत असेल तर पत्ता ज्वाळेच्या वर येतोय. ज्वाळ वर चढते, म्हणून पत्ता खाली किंवा बाजूला हवा. आरशासमोर बसा आणि आग न लावता, साध्या कागदाच्या तुकड्यावर पन्नास वेळा तीच हालचाल करा. यापलीकडे याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

सातवी: मिटल्यावर न विझणारं पाकीट

इथे हात आखडता घ्या. मिटलेल्या पाकिटाच्या कडा एकमेकींना सगळीकडे चिकटल्या तरच हवा तुटते. बिजागरी सैल झाली, पत्रा वाकला किंवा अस्तर उसवलं की फटीतून हवा जाते.

काही वर्षांपूर्वी एका मंडपात माझं पाकीट मिटलं आणि मला वाटलं विझलं. सहीचा पत्ता दाखवायला लगेच उघडलं. आत धुमसत होतं, हवा मिळताच तोंडावर भडकलं. भुवई आणि पुढचे केस गेले. पोरांना वाटलं हाही आयटमच, जोरात टाळ्या पडल्या. मी हसत कमरेत वाकलो आणि मागे जाऊन बादलीत तोंड घातलं. तेव्हापासून मिटल्यावर मनात दहा मोजतो आणि तेवढ्या वेळासाठी एक विनोद पाठ करून ठेवलाय. विनोद बरा नाही, पण दहा मोजून होतात.

फट आहे का ते रिकाम्या, थंड पाकिटात बघा. अंधाऱ्या खोलीत आत मोबाइलची बॅटरी लावून मिटा. उजेड कुठून झिरपतो ते दिसेल. झिरपला तर पाकीट बाद.

कुठे थांबायचं

मंचावर ठिणगी दोनदा मारून पेटलं नाही तर तिसऱ्यांदा मारायची नाही. दोन वेळांत आजूबाजूला वाफ साठलेली असते. पाकीट मिटा, बाजूला ठेवा, पुढचा खेळ सुरू करा. इस्पिकचा एक्का आगीशिवायही निघतो.

सैल बिजागरी, वाकलेला पत्रा, उसवलेलं अस्तर हे घरी दुरुस्त करू नका. फेविकॉल आणि रेक्झिन दोन्ही जळतात. बनवणाऱ्याकडे पाठवा किंवा नवं घ्या. मंडपाचं कापड डोक्याला लागतंय, शेजारी आचाऱ्याचा सिलिंडर आहे, वायरी लोंबतायत, असं असेल तर तो निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. आयोजकाला सांगा, अग्निशमनवाल्यांना विचारा, तोवर आयटम बंद. शाळेत मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काडीही ओढू नका. मुलांना हा आयटम शिकवू नका, कितीही हट्ट केला तरी. पहिली रांग माझ्यापासून दोन मीटर मागे असते, आणि विंगेत एक माणूस ओलं गोणपाट व भरलेली बादली घेऊन उभा असतो. त्याला दुसरं काम द्यायचं नाही. पडदा ओढायलाही नाही.

भाजलंच तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस हात काढून घेतो. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा, डोळा, बोटं किंवा सांधा भाजला असेल, फोड आले असतील, जागा भाजलेल्या माणसाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा भाजलेलं पांढरं पडून दुखतच नसेल, तर थेट दवाखाना. रुग्णवाहिकेला १०८, आगीला १०१, काहीच सुचत नसेल तर ११२.

आणि कार्यक्रम संपला की चहाच्या आधी एक काम. वाळवून न वापरलेले तुकडे मोजा आणि परत पाण्यात टाका. सकाळी सहा वाळवले, दोन जाळले, तर पिशवीत चार जायला हवेत. तीनच गेले तर चौथा सापडेपर्यंत मंच सोडू नका. झाडूवाली बाई तो उचलून विडीच्या थोटकांच्या ढिगात टाकते.